एकाच आडनावाचे जंतू

आमच्या मोठ्या जाऊबाई भर दुपारी घरी आल्या तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. इस्पितळातली पाळी अर्ध्यावर टाकून त्या कधी घरी आल्या नव्हत्या. ताप अंगावर काढतील पण रजा काढणार नाहीत, अशी बाई.

"काय झालं, ताई?"

"माणूस मारला म्हणे मी."

एवढंच बोलून त्यांनी पर्स खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागल्या. मी पोरीला कडेवर घेऊन दारात उभी, आणि त्या कोपरापर्यंत साबण चोळतायत. नळ बंद करायचं नावच नाही.

जाऊबाई इस्पितळात डायलिसिस विभागाच्या मुख्य सिस्टर. ज्यांची मूत्रपिंडं कामातून गेली त्यांचं रक्त यंत्रातून गाळून पुन्हा अंगात सोडायचं, हे तिथलं काम. त्यासाठी माणसाला दिवसाआड यावं लागतं, आणि बहुतेकांना जन्मभर. कित्येकांच्या मानेत नळी बसवलेली असते, तिचं आतलं टोक थेट हृदयापाशी. ती नळी उघडायची, यंत्राला जोडायची, काम झालं की बंद करायची, हे जाऊबाई शक्यतो दुसऱ्याच्या हाती देत नसत. नळी उघडी असताना खोलीत कोणी शिंकलं, तर त्या अशा बघायच्या की बिचाऱ्याला पुढची शिंक गिळावी लागे. सगळं इस्पितळ त्यांना 'करडी सिस्टर' म्हणायचं. अर्थात पाठीमागे.

रुग्ण मात्र त्यांना घाबरत नसत. एक गाडी शिकवणारे मास्तर होते. अर्ध्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलेलं. खुर्चीत डोळे मिटून पडलेले असले, तरी बाहेर हॉर्न वाजला की त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा आणि खोलीभर हशा पिकायचा. ते जाऊबाईंना म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही गाडी शिकाच. तुम्ही नुसतं बघितलंत तरी सिग्नल लाल होईल." जाऊबाई हसायच्या नाहीत, पण घरी येऊन मला सांगायच्या, आणि तेव्हा हसायच्या.

तर त्या महिन्यात आधी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांना यंत्रावर असतानाच हुडहुडी भरली. मग एका शिक्षिकेला. मग मास्तरांना. तिघांचं रक्त तपासायला गेलं. इस्पितळाच्या प्रयोगशाळेनं त्यातले जंतू वाढवून पाहिले, तर तिघांच्या रक्तात एकाच नावाचा जंतू, आणि नेहमीची सगळी अँटिबायोटिक्स त्याच्यापुढे पाण्यासारखी. शेवटी एक जुनं, अडगळीत पडलेलं औषध काढलं. ते मूत्रपिंडांना सोसत नाही म्हणून डॉक्टर वापरायला कचरत. "यांची मूत्रपिंडं आहेत कुठे बिघडायला?" असं जाऊबाई दातओठ खात म्हणाल्या होत्या. काका आणि शिक्षिका वाचले. मास्तर गेले.

इस्पितळाच्या प्रमुखांना सगळे 'मोठे साहेब' म्हणत. त्यांनी बैठक बोलावली. सगळे डॉक्टर, सिस्टर, रुग्णांचे नातेवाईक, आणि त्यांत मास्तरांची मुलगीही. सगळ्यांच्या देखत साहेब म्हणाले, "तीन रुग्ण. जंतू एक, औषधांना दाद न देण्याची तऱ्हा एक, आणि नळी उघडणारे हात एक. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?"

जाऊबाईंच्या हातांवरून बोळे फिरवून तेही तपासले होते. त्यांवर काही उगवलं नव्हतं. तसं त्या म्हणाल्या, तर साहेबांचं उत्तर तयार होतं, "आज नाही सापडलं म्हणजे त्या दिवशी नव्हतं असं होत नाही. चौकशी होईपर्यंत घरी बसा."

आणि त्या घरी बसल्या. बसल्या कसल्या, घर डोक्यावर घेतलं. जे दिसेल ते घासायचं, उकळायचं, पुसायचं. दाराची कडी, दिव्यांची बटणं, मोठ्या भावजींचा चष्मा. मोठे भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, कारखान्यात लेथवर काम करून करून कानानं अधू झालेले. त्यांना एक बरं होतं, गल्लीतली कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. मला पोचायची. औषधांच्या दुकानात मी पोरीसाठी थेंब घ्यायला गेले, तर आधी बोलत असलेल्या दोघी बायका मला बघून गप्प झाल्या आणि दुकानदारानं उगाचच विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना तुमच्या घरातल्या?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत, तुमची आठवण काढत होत्या. येते म्हणाल्या एकदा दुकानात." पठ्ठ्यानं मान खाली घातली.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. माझी पोर तेव्हा नुकती रांगायला लागली होती. इस्पितळातून आल्यावर आंघोळ करून आधी तिला उचलायची, मग चहा, हा जाऊबाईंचा रिवाज. आता पोर हात पुढे करायची आणि त्या मागे सरायच्या. एकदा ती रांगत जाऊन त्यांच्या पायाला चिकटली, तर त्या ओरडल्या, "उचल गं हिला! उचल आधी!" मी धावले. बघते तर त्या दोन्ही हात वर धरून भिंतीला टेकून उभ्या. साबणानं हातांची सालं निघालेली, बोटांच्या पेरांना चिरा.

"ताई, तुमच्या हातात काही नाही हो."

"तुला काय माहीत? मला तरी काय माहीत?" त्यांचा आवाज चिरकला. "त्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा मी तोंडावर खोटं म्हणू शकले नाही. आणि अजून म्हणू शकत नाही. त्याचाच राग येतोय मला. साहेबाचा येतोय, माझा येतोय. प्रयोगशाळेतल्या त्या जंतूंच्या बाईचा येतोय, तिच्या अहवालातल्या एका ओळीनं मला घरी बसवलं."

"मग जा ना, विचारा तिला."

मी आपलं बोलून गेले. त्या लगेच पर्स घेऊन निघाल्याच. मला राहवेना, पोरीला भावजींच्या मांडीवर देऊन मीही पाठोपाठ गेले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना इस्पितळात 'जंतूबाई' म्हणत. बारीक चणीच्या, पायात जाड लोकरी मोजे, कारण त्यांची खोली कायम गारठलेली. जाऊबाई दार ढकलून आत गेल्या आणि उभ्यानंच सुरू झाल्या, "तुम्ही सांगितलंत तिघांचा जंतू एक. मग सांगा आता, माझ्या हातून गेला की नाही?"

जंतूबाईंनी हातमोजे काढून टाकले. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्याच जास्त चिडलेल्या निघाल्या. "मी जंतूचं नाव सांगितलं, सिस्टर. कुठली औषधं चालत नाहीत तेही सांगितलं. तो कुठून आला, हे मला कोणी विचारलंच नाही. जनुकं वाचून बघूया, असं मीच साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, गुन्हेगार हातात आहे, आता कशाला?"

"मग मी विचारते. वाचा."

तिघांच्या रक्तातले जंतू त्यांनी गोठवून ठेवलेलेच होते. दुसऱ्या शहरात त्यांची एक जुनी वर्गमैत्रीण जंतूंची जनुकं वाचायचं काम करायची. तिच्याकडे नमुने गेले. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. फोन वाजला की जाऊबाई उठायच्या आणि भलताच कोणी निघाला की त्याला असं काही बोलायच्या की तो पुन्हा फोन करायचा नाही.

शेवटी जंतूबाईंचं बोलावणं आलं. आम्ही दोघी गेलो. त्यांनी आम्हाला बसायला लावलं, चहा मागवला, आणि मग सांगितलं.

"तिघांचे जंतू वेगवेगळे आहेत."

"तुम्हीच तर नाव एक म्हणालात," जाऊबाई म्हणाल्या.

"नाव एकच. पण ते आडनावासारखं समजा. एका आडनावाची माणसं गावभर असतात, म्हणून ती एका घरातली होत नाहीत. तुमच्या हातावरून एकाच्या रक्तातला जंतू दुसऱ्याच्या रक्तात गेला असता, तर त्यांची जनुकं जवळजवळ अक्षर न अक्षर जुळली असती. इथे हजारो ठिकाणी फरक आहे. यांचे पूर्वज वेगळे होऊन कित्येक वर्षं लोटली असतील."

मी मध्येच विचारलं, कारण मला कळेना, "मग तिघांवरही औषधं चालली नाहीत ती कशी?"

"त्याची जनुकं निराळी असतात. आणि ती जंतू एकमेकांना देऊ शकतात, नात्यागोत्याचे नसले तरी. एखाद्या किल्लीची नक्कल कोणीही कोणाकडून करून घ्यावी, तसं. काका आणि शिक्षिकेच्या जंतूंकडे एक किल्ली होती, मास्तरांच्या जंतूकडे दुसरीच. कुलूप मात्र तिघांनी उघडलं."

जाऊबाई कपाकडे बघत होत्या. "कुठून आले मग?"

"बहुतेक त्यांच्याच पोटातून. हे जंतू आतड्यात गुपचूप राहतात. माणूस अँटिबायोटिक घेतो तेव्हा गरीब जंतू मरतात, निबर उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. मग कातडीवर येतात, आणि मानेत नळी असली की एखाद्या दिवशी रक्तात. नळी जोडताना कोणाचं काही चुकलंच नाही, अशी ग्वाही मी देणार नाही, सिस्टर. पण एका हातानं तिघांना एकच जंतू दिला, हे साफ खोटं आहे."

मला वाटलं जाऊबाई आता रडतील. त्यांनी वेगळंच विचारलं. "निबर होण्याइतकं अँटिबायोटिक यांच्या पोटात गेलं कुठून?"

जंतूबाईंनी आपला कप बाजूला ठेवला. "बाहेरूनही जातं. सर्दी झाली की दुकानातून गोळ्या आणून खातात लोक. पण तुमच्या विभागात नळीवाल्या माणसाला जराशी कणकण वाटली की ते भारी इंजेक्शन देतात ना?"

"साहेबांचा नियम आहे तो. रक्त तपासायला पाठवायच्या आधीच द्यायचं. खबरदारी म्हणून."

"हो."

"ते मीच देते," जाऊबाई म्हणाल्या.

परतताना रस्ताभर त्या माझ्या चार पावलं पुढे झपाझप चालत होत्या. घरी आल्या, हात धुतले, नेहमीसारखे, एकदाच. मग भावजींच्या मांडीवरून पोरीला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून उभ्या राहिल्या. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

सुटलो कसले! दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, कामावर रुजू व्हा. बस्स. जंतूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं, पण निरोपात त्याचा ब्र नाही. जाऊबाई साहेबांच्या खोलीत गेल्या. मी बाहेर बाकावर बसले होते, आणि दार त्यांनी मुद्दामच उघडं ठेवलं होतं.

"सर, रुजू होते. त्याआधी बैठक बोलवा. पहिल्यासारखीच. तेच लोक."

"कशासाठी? सिस्टर, गैरसमज झाला होता, तो दूर झाला. झालं गेलं सोडून द्या."

"गैरसमज तुमचा झाला. मला घरी बसवलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. आता सोडून द्यायचं ते एकांतात का?"

"आवाज खाली करा."

"नाही करणार. आणि ते इंजेक्शन बंद करा. आधी रक्त पाठवायचं, मग काय द्यायचं ते ठरवायचं. माणूस फारच खालावलेला असेल तर लगेच द्या, माझं ना नाही. पण जरा अंग गरम लागलं की ठोक सुई, हे मी करणार नाही."

"तुम्ही मला वैद्यक शिकवणार?"

"मी नाही. तुमच्याच प्रयोगशाळेच्या डॉक्टर शिकवतायत, तुम्ही ऐकत नाही. मी फक्त सुई टोचायला नकार देतेय. हात माझे आहेत ना? तुम्हीच म्हणाला होतात."

साहेब लालबुंद झाले असतील, मला दिसत नव्हतं. एवढं ऐकू आलं की बैठक होणार नाही. जाऊबाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चल. मीच सांगते लोकांना."

मास्तरांच्या मुलीनं बापाची गाडी शिकवण्याची शाळा चालू ठेवली होती. शाळा म्हणजे एक खोली आणि दोन्हीकडे ब्रेक असलेली एक जुनी गाडी. आम्ही गेलो तेव्हा ती गाडीतच होती, एका शिकाऊ माणसाला उतरवून काहीतरी टिपत बसलेली. जाऊबाईंना बघताच तिचा चेहरा दगडासारखा झाला. काय मनात आलं कोण जाणे, तिनं शेजारचं दार उघडलं. "बसा. रस्त्यावर तमाशा नको." मी मागच्या सीटवर बसले.

जाऊबाईंनी सगळं सांगितलं. जंतूबाईंनी सांगितलं होतं तसंच, आडनाव, किल्ली, पोटातले निबर जंतू. मुलगी समोरच्या काचेतून बाहेर बघत ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही नाही," ती शेवटी म्हणाली.

"तुझ्या बाबांना दुसऱ्याचा जंतू मी दिला नाही. पण ते इंजेक्शन त्यांना कितीदा दिलं, ते मीच दिलं. प्रत्येक वेळी लागत होतंच असं नाही."

"मग मी धरू कोणाला?" ती एकदम ओरडली. "इतके दिवस तुम्हाला शिव्या घालून झोपत होते मी. आता तुम्ही येऊन सांगता, त्यांच्या पोटातलाच होता म्हणून. दुकानातल्या गोळ्या, इस्पितळातली सुई, सगळं मिळून. सगळं मिळून म्हणजे कोण? मला एक नाव द्या!"

"नाही माझ्याकडे एक नाव."

"मग कशाला आलात?"

"खोट्या नावावर तू राग काढत राहावंस, हे मला चालेना," जाऊबाई म्हणाल्या. "राग नको करू असं मी म्हणत नाही. मलाही येतो. तुझे बाबा गेले तेव्हा हे कशानं झालं, ते मलाही कळून घ्यायचं होतं. पण ते नीट शोधायला कोणी थांबलं नाही, सगळे बोट दाखवायच्या घाईत."

मुलगी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. जाऊबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला. थोड्या वेळानं पुन्हा ठेवला, तेव्हा राहू दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि आम्ही ते मागायला गेलोही नव्हतो. उतरताना तिनं एवढंच विचारलं, "ते इंजेक्शन अजून देतात?"

"देतात. मी नाही देत."

पुढच्या आठवड्यात ती मुलगी, घड्याळवाले काका आणि ती शिक्षिका असे तिघं मिळून, ते इंजेक्शन बंद करा म्हणत, साहेबांच्या दाराशी जाऊन बसले. जंतूबाईही खाली आल्या, मोजे घालूनच. साहेबांनी आधी दाद दिली नाही. जाऊबाईंना शिस्तभंगाची तंबी मिळाली, त्यांना काही दिवस कपडे धुण्याच्या विभागात टाकलं. तिथून त्या घरी येऊन जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोठ्या भावजींनाही त्यातलं बरंचसं ऐकू जायचं. पण डायलिसिसच्या बाकी सिस्टरही एकेक करून म्हणायला लागल्या, आधी रक्त पाठवा. डॉक्टर कंटाळले, कुरकुरले, आणि पाठवायला लागले. कधीतरी तो नियम गुपचूप मागे घेतला गेला. कोणी सांगितलं नाही, भिंतीवरची सूचना फक्त दिसेनाशी झाली. जाऊबाई परत आपल्या विभागात आल्या.

ताप यायचे थांबले असं नाही. जंतूबाई म्हणतात, थांबणारही नाहीत, रोज नवी घराणी निघतात त्यांची. पण कमी झाले, आणि आले तर कुठलं औषध चालेल हे आधी कळायला लागलं.

यंदा मोठे साहेब निवृत्त झाले. इस्पितळात निरोपाचा कार्यक्रम होता, हार, भाषणं, सगळं. सर्वांत जुन्या सिस्टर म्हणून जाऊबाईंनी त्यांना गुच्छ द्यावा, असं ठरलं. सकाळी आमच्या ह्यांनी त्यांना समजावलं, "वहिनी, जाऊ दे ना आता. म्हातारा माणूस, शेवटचा दिवस."

"त्यांचा शेवटचा दिवस आहे, भावजी. त्यांच्याकडून मला अजून एक वाक्य यायचं राहिलंय, 'माझं चुकलं', तेही सगळ्यांसमोर. ते घेऊन येत असतील तर मी गुच्छ देते."

साहेबांनी ते वाक्य आणलं नाही. कार्यक्रम चालू होता तेव्हा मी जाऊबाईंचा घरी विसरलेला डबा द्यायला विभागात गेले. वरच्या सभागृहातल्या टाळ्या खाली ऐकू येत होत्या. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, यंत्रं घरघरतायत, आणि जाऊबाई फोनवर कोणा नव्या डॉक्टरावर कडाडत होत्या, "अंग किंचित गरम आहे, बाकी बाई ठणठणीत आहे, माझ्याशी गप्पा मारतेय. मग कसली घाई? रक्त घेतलंय मी, वर पाठवलंय. नाही. नाही म्हटलं ना. तुम्ही खाली या, पेशंट बघा, आणि मग मला सांगा."